खडी का निघते, डांबर वर का येतं: सरफेस ड्रेसिंगची चाचणी आणि पावसाळ्यानंतरची पाहणी (मराठवाड्यातल्या नव्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी)

मे महिन्यात काळाभोर दिसणारा गावचा रस्ता दिवाळीपर्यंत पांढुरका पडतो, कडेला सुट्या खडीचे ढीग साचतात, वळणावर दुचाकी घसरतात. गावकरी म्हणतात डांबर निकृष्ट होतं. बऱ्याच वेळा डांबराचा दाखला अगदी व्यवस्थित असतो. बिघाड झालेला असतो तो खडी आणि डांबर जिथे एकमेकांना धरतात तिथे: खडीवर धूळ होती, डांबर कमी पडलं, खडी उशिरा टाकली किंवा खालचा थरच ढिला होता. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट काम सुरू होण्याआधी किंवा त्याच दिवशी साध्या साधनांनी पकडता येते.

हा लेख नुकतेच साइटवर किंवा गुणनियंत्रण प्रयोगशाळेत रुजू झालेल्या, डिप्लोमा-डिग्री करून आलेल्या मुलामुलींसाठी आहे. कंत्राटदाराच्या फील्ड लॅबमध्ये काम करणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. मी सरफेस ड्रेसिंग, म्हणजे डांबराची फवारणी करून त्यावर एका मापाची खडी पसरून रोलिंग करण्याची पद्धत, मध्यभागी ठेवली आहे. तिचं गणित कळलं की कारपेट, सीलकोट, मायक्रोसरफेसिंग ही डांबरी थरांची सगळी कामं समजायला सोपी जातात.

सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक आकड्यासमोर साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, लिहा. कोणत्या ढिगातली खडी, कोणत्या टँकरचं डांबर, कोणत्या तारखेला, कोणत्या साखळीपासून कोणत्या साखळीपर्यंत आणि कोणत्या बाजूला गेलं, हे एका रजिस्टरमध्ये असलं पाहिजे. ते नसेल तर ऑक्टोबरमध्ये रस्ता उखडलेला दिसेल आणि फाइलमधले सगळे निकाल 'पास' असतील. दोन्हींचा मेळ घालता येणार नाही आणि पुढच्या कामासाठी काहीच शिकायला मिळणार नाही.

आधी खालचा रस्ता तपासा

सरफेस ड्रेसिंग रस्त्याला ताकद देत नाही. ते पाणी अडवतं, झिजलेल्या पृष्ठभागाला खडबडीतपणा परत देतं आणि जुनं, कोरडं पडलेलं डांबर झाकून त्याचं आयुष्य वाढवतं. बस, एवढंच. मराठवाड्यातल्या बहुतेक रस्त्यांच्या खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि रस्त्याच्या कडेने हात जाईल अशा लांबलचक भेगा पडतात. अशी भेग वरून डांबर-खडी टाकून बुजत नाही, पुढच्या एप्रिलमध्ये ती त्याच जागी पुन्हा दिसते.

म्हणून कामाच्या आधी पूर्ण लांबी चालत बघा, गाडीतून नाही. चाकाच्या पट्ट्यात मगरीच्या पाठीसारखं भेगांचं जाळं असेल तर खालचा थर गेला आहे असं समजा. तिथे आधी खोदून दुरुस्ती. शंका असेल तर बेंकेलमन बीमने डिफ्लेक्शन, म्हणजे चाकाच्या भाराखाली रस्ता किती दबतो ते, मोजून घ्या. त्यासाठी ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर ८१७० किलो भार आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५.६ किलो हवा ठेवावी लागते. रस्त्याखालच्या मातीचा फ्री स्वेल इंडेक्स (माती पाण्यात किती टक्के फुगते) ५० टक्क्यांपुढे असेल तर साइडपट्टी आणि गटारं नीट केल्याशिवाय वरचं काम हाती घेऊ नका. पाणी कडेने आत शिरतं आणि खालून वर येतं, वरून शिंपडलेलं डांबर त्याला अडवू शकत नाही.

खड्डे किमान काही आठवडे आधी भरा. ताज्या पॅचवर लगेच फवारणी केली की पॅचमधलं डांबर वरच्या डांबरात मिसळतं आणि उन्हाळ्यात नेमका तोच चौकोन काळा, ओला दिसायला लागतो.

खडीचा नमुना आणि चाचण्या

आपल्याकडची खडी म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, काळा फत्तर. हे आपलं नशीब चांगलं आहे. बेसाल्ट घट्ट असतो, त्याचं विशिष्ट गुरुत्व साधारण २.८ ते २.९ येतं आणि डांबर त्याला ग्रॅनाइट किंवा क्वार्टझाइटपेक्षा बरं धरतं. पण सगळ्या खाणी सारख्या नसतात. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. वरचा भाग अनेकदा छिद्राळ असतो, छिद्रांत पांढरी खनिजं भरलेली असतात आणि दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. क्रशरवर जाल तेव्हा खाणीच्या भिंतीकडेही नजर टाका. ढिगात पांढरे ठिपके असलेले किंवा तांबूस तुकडे दिसले तर त्यांचा वेगळा नमुना घेऊन पाणी शोषण तपासा.

नमुना फक्त ढिगाच्या पायथ्यावरून घेऊ नका, तिथे मोठे दगड घरंगळून जमतात. ढिगाच्या वरून, मधून आणि खालून, वरचा थर बाजूला सारून खडी घ्या, ताडपत्रीवर एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा. असं करत हव्या तेवढ्या वजनावर या. नमुना साइटवरच्या ढिगातला हवा. क्रशरच्या पट्ट्यावरची खडी आणि ट्रकमधून उतरून पंधरा दिवस धुळीत पडलेली खडी यांत फार फरक असतो.

एआयव्ही, म्हणजे इम्पॅक्ट टेस्ट, सगळ्यांनाच येते: १२.५ मिमीतून गेलेली आणि १० मिमीवर राहिलेली खडी, १३.५ ते १४ किलोचा हातोडा, ३८० मिमी उंची, १५ ठोके, २.३६ मिमी चाळणीतून किती टक्के गेलं ते बघायचं. सरफेसिंगसाठी ३० टक्क्यांच्या आत हवं. आपला चांगला बेसाल्ट १० ते २० मध्ये सहज येतो, म्हणून या चाचणीत क्वचितच कुणी नापास होतं. त्यामुळेच तिच्या निकालावर फार विसंबून राहू नका.

खडीच्या आकाराकडे जास्त लक्ष द्या. ज्या खडीची जाडी तिच्या सरासरी मापाच्या ०.६ पटीपेक्षा कमी, ती चपटी. चपटी खडी चाकाखाली आडवी पडते, तिची उंची कमी भरते आणि डांबरात बुडून जाते. वर दगड दिसत नाही, फक्त डांबर दिसतं. फ्लेकीनेस इंडेक्स, म्हणजे वजनात चपट्या खडीचं प्रमाण, २५ टक्क्यांच्या पुढे गेला तर ती खडी सरफेस ड्रेसिंगला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती दुसऱ्या थरात वापरता येईल.

आता एक असं माप, जे फार थोड्या साइटवर घेतलं जातं आणि ज्यावर पुढचं सगळं गणित उभं आहे. ते म्हणजे सरासरी किमान जाडी, साइटवर 'एएलडी' म्हणतात. कोणतीही खडी रस्त्यावर शेवटी आपल्या सर्वांत कमी जाडीच्या बाजूवर विसावते. नमुन्यातले २०० दाणे घ्या, व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येकाची सर्वांत कमी जाडी मोजा आणि सरासरी काढा. दोन माणसांनी बसून केलं तर तासाभरात होतं. चाळणीचं माप आणि फ्लेकीनेस इंडेक्स यांवरून तक्त्याने काढायची पद्धतही आहे. पण पहिल्या काही कामांत हाताने मोजा, म्हणजे आकडा कुठून येतो ते कळतं.

आणि धूळ. पारदर्शक बरणीत दोन मूठ खडी घाला, पाणी ओता, झाकण लावून दहा वेळा हलवा, पाच मिनिटं ठेवा. पाणी गढूळ होऊन तळाशी राखाडी गाळ बसला तर ती खडी धुवायला हवी. प्रयोगशाळेत ०.०७५ मिमीच्या चाळणीवर धुऊन टक्केवारी काढा. ती दीड टक्क्याच्या आत हवी. बरणीची चाचणी तुम्ही रोज सकाळी साइटवर घेऊ शकता, आणि माझ्या अनुभवात मराठवाड्यात खडी उखडण्याचं सर्वांत मोठं कारण हीच धूळ आहे. फेब्रुवारीपासून वाऱ्याने शेतातली मातीही ढिगावर बसते. टँकरने पाणी मारून, उन्हात वाळवून खडी वापरा. पाण्याची टंचाई असेल, आणि आपल्याकडे ती असतेच, तर प्रीकोटिंग हा चांगला मार्ग आहे. खडी १६० अंशांपर्यंत तापवून तिच्या वजनाच्या ०.७५ ते १ टक्का डांबर मिक्सरमध्ये लावायचं आणि आठवडाभर पसरून ठेवायची. मात्र फवारणी इमल्शनची, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेल्या डांबराची, असेल तर प्रीकोट केलेली खडी वापरायची नाही. इमल्शनला उघडा दगडच हवा.

डांबर आणि इमल्शन

आयएस ७३ या भारतीय मानकाप्रमाणे डांबराचे ग्रेड व्हीजी-१०, २०, ३० आणि ४० असे आहेत. व्हीजी-३० साठी पेनिट्रेशन (सुई किती आत जाते) किमान ४५, सॉफ्टनिंग पॉइंट (डांबर मऊ पडतं ते तापमान) किमान ४७ अंश, ६० अंशांवर व्हिस्कॉसिटी (डांबराचा दाटपणा) २४०० ते ३६०० पॉइज. व्हीजी-१० मऊ असतं: पेनिट्रेशन किमान ८०, सॉफ्टनिंग पॉइंट किमान ४०, व्हिस्कॉसिटी ८०० ते १२०० पॉइज. एप्रिल-मे मध्ये हवेचं तापमान ४२-४३ अंशांवर जातं तेव्हा रस्त्याचा काळा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे तापतो. याचा अर्थ दुपारी रस्त्यावरचं डांबर आपल्या सॉफ्टनिंग पॉइंटच्या वर असतं. तेव्हा खडी जागेवर राहते ती खडी एकमेकींत घट्ट बसलेली असल्यामुळे. डांबर जास्त झालं असेल तर याच वेळी ते वर येतं.

पेनिट्रेशन टेस्ट घेताना पाण्याचं तापमान नेमकं २५ अंश हवं. सुईवर १०० ग्रॅम वजन, ५ सेकंद, आणि सुई किती दशांश मिलिमीटर आत गेली ते वाचन. मे महिन्यात फील्ड लॅबच्या पत्र्याच्या खोलीत नळाचं पाणीच ३४-३५ अंश असतं. बर्फ आणून ठेवा, थर्मामीटर बाथमध्ये सतत बुडालेला ठेवा आणि नमुना त्या पाण्यात पुरेसा वेळ राहू द्या. पाणी दोन-तीन अंश गरम असलं तरी सुई जास्त आत जाते आणि कडक झालेलं डांबर मऊ म्हणून पास होतं.

एक नमुना टँकरचा घ्या आणि दुसरा बॉयलरमधून, फवारणीच्या आधी. बॉयलरमध्ये रात्रभर पेटत ठेवलेलं किंवा पुन्हा पुन्हा तापवलेलं डांबर कडक होतं. दोन पेनिट्रेशनमधला फरक बघितलात की बॉयलर कसा चालवला आहे ते कळतं. बॉयलरमध्ये किंवा पिंपात पाणी गेलेलं असेल तर तापवताना डांबर फेसाळून उतू जातं. तिथे जवळ उभं राहू नका आणि कामगारांनाही उभं राहू देऊ नका. अंगावर गरम डांबर उडालं तर लगेच भरपूर थंड पाणी, ओढून काढायचा प्रयत्न नाही, आणि थेट दवाखाना.

इमल्शनसाठी आयएस ८८८७ बघा. सरफेस ड्रेसिंगला आरएस-२, टॅक कोटला (जुन्या डांबरी थरावरचा चिकट हात) आरएस-१, प्रायमरला (खडी-मुरमाच्या थरावरचा पहिला हात) एसएस-१. आरएस म्हणजे लवकर फुटणारं, एसएस म्हणजे सावकाश फुटणारं. फुटणं म्हणजे पाणी वेगळं होऊन डांबर घट्ट होणं. सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे इमल्शनमध्ये प्रत्यक्ष डांबर किती आहे: आरएस-२ मध्ये किमान ६७ टक्के, आरएस-१ मध्ये ६०, एसएस-१ मध्ये ५०. म्हणजे दर चौरस मीटरला १ किलो डांबर हवं असेल तर आरएस-२ साधारण दीड किलो फवारावं लागतं. मोजमाप पुस्तकात 'बाइंडर १ किलो' लिहिलेलं असतं आणि रस्त्यावर १ किलो इमल्शन पडलेलं असतं, अशी कामं पहिल्या पावसातच खडी सोडतात. कामाच्या आधीच हा हिशेब मुकादमाला आणि स्प्रेअरच्या ऑपरेटरला तोंडी समजावून सांगा.

इमल्शनचं पिंप बरेच दिवस उभं असेल तर नमुना घेण्याआधी ते आडवं करून लोळवा. ६०० मायक्रॉन चाळणीवर ०.०५ टक्क्यापेक्षा जास्त गाठी राहिल्या तर ते पिंप बाजूला काढा. त्या गाठी नोझलमध्ये अडकतात.

खडी डांबराला धरते का

या टप्प्यावर वेळ द्या. आयएस ६२४१ ची स्ट्रिपिंग टेस्ट, म्हणजे पाण्यात डांबर दगडापासून किती सुटतं ते बघणारी चाचणी, स्वस्त आहे आणि फार काही सांगते. २० मिमीतून गेलेली, १२.५ मिमीवर राहिलेली २०० ग्रॅम कोरडी खडी १५० अंशांपर्यंत तापवा. १६० अंशांवरचं डांबर खडीच्या वजनाच्या ५ टक्के घाला आणि एकही दाणा उघडा न राहता मिसळा. बीकरमध्ये घालून दोन तास थंड होऊ द्या, डिस्टिल्ड पाणी भरा, ४० अंशांच्या वॉटर बाथमध्ये २४ तास ठेवा. मग बघा.

बघायचं कसं, हे पुस्तकात दोन ओळींत संपतं, पण डोळा तयार व्हायला वेळ लागतो. बीकर खिडकीजवळ नैसर्गिक उजेडात धरा. पाण्यातच असताना वरून आणि बाजूने बघा, बाहेर काढून नाही, कारण ओल्या डांबराची चमक फसवते. डांबर सुटायला सुरुवात होते ती दगडाच्या धारेवर आणि टोकांवर. तिथे आधी तपकिरी, पातळ पट्टी दिसते, नंतर राखाडी दगड उघडा पडतो. एकूण पृष्ठभागापैकी किमान ९५ टक्के झाकलेला राहिला पाहिजे. अंदाज दोघांनी वेगवेगळा लिहावा आणि मग पडताळावा.

मी नेहमी दोन बीकर लावायला सांगतो: एकात धुतलेली खडी, दुसऱ्यात ढिगातली जशीच्या तशी. चाचणीच्या नियमाप्रमाणे पहिलाच निकाल फाइलला जातो. पण दुसऱ्या बीकरमधला दगड ७०-८० टक्केच झाकलेला राहिला, तर खडी धुण्यासाठी उपअभियंत्यांशी आणि कंत्राटदाराशी बोलताना तुमच्या हातात पुरावा असतो. ते दोन बीकर शेजारी शेजारी ठेवून दाखवा, आकडे सांगण्यापेक्षा लवकर पटतं. धुतलेली खडीही डांबर सोडत असेल तर मात्र दगड बदला किंवा अँटी-स्ट्रिपिंग रसायन घालून पुन्हा चाचणी करा.

दुसरी चाचणी फ्रान्समधून आलेली, व्हायलिट प्लेट. २० सेंटिमीटर चौरस पोलादी पत्र्यावर ठरल्या मापाने डांबर लावायचं, त्यात १०० दाणे बसवायचे, रबरी रोलरने दाबायचे. पत्रा उलटा करून तीन टेकूंवर ठेवायचा आणि पाठीवर अर्ध्या मीटरवरून साधारण अर्ध्या किलोची पोलादी गोळी तीनदा सोडायची. खाली पडलेले दाणे मोजा आणि ते डांबर लागलेले पडले की कोरडे, हेही लिहा. गावातला फॅब्रिकेटर हे साहित्य बनवून देतो. धुळीची खडी, ओली खडी, उशिरा टाकलेली खडी, या सगळ्यांची तुलना एका दुपारी करता येते. एकदा स्वतः करून बघा, नंतर साइटवर खडी उशिरा पडताना तुम्हाला गप्प उभं राहवणार नाही.

डांबर किती, खडी किती

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये अंदाजपत्रकासाठी प्रमाण दिलेलं आहे. १३ मिमी खडीला दर चौरस मीटर १ किलो डांबर आणि ०.०१० घनमीटर खडी, १० मिमीला ०.९ किलो आणि ०.००८ घनमीटर, ६ मिमीला ०.७५ किलो आणि ०.००४ घनमीटर. हे प्रमाण अंदाजपत्रकापुरतंच धरा. प्रत्यक्ष कामाचं प्रमाण खडी मोजून ठरवायचं. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ११० ही संहिता वाचा.

त्यामागचा विचार न्यूझीलंडच्या हॅन्सन यांनी १९३० च्या दशकात मांडला आणि तो आजही वापरात आहे. एका मापाची खडी नुसती पसरली की निम्मी जागा पोकळ असते. रोलिंगनंतर पोकळी सुमारे ३० टक्क्यांवर येते आणि वाहतुकीने खडी पूर्ण बसली की २० टक्क्यांवर. त्या शेवटच्या पोकळीचा साधारण ६५ ते ७० टक्के भाग डांबराने भरायचा. समजा तुमची सरासरी किमान जाडी ७ मिमी आली. पोकळी ७ च्या २० टक्के, म्हणजे १.४ मिमी. तिचे ६५ ते ७० टक्के म्हणजे ०.९१ ते ०.९८ मिमी, अर्थात दर चौरस मीटर ०.९ ते १ लिटरच्या दरम्यान डांबर. याच मापाची पण चपटी खडी आली आणि जाडी ५ मिमीच भरली तर गरज ०.७ लिटरच्या खाली येते. तक्त्यातला १ किलो तिथे मारला तर मे महिन्यात डांबर वर येणारच.

मग रस्ता बघून फेरफार करा. पृष्ठभाग जुना, कोरडा, भेगाळलेला असेल तर तो काही डांबर पितो, थोडं वाढवा. आधीच काळा, चिकट असेल तर कमी करा. उसाच्या वाहतुकीचा रस्ता असेल तर कमी करा, कारण भरलेल्या ट्रॉल्या खडी खोल दाबतात. वड, चिंच, कडुनिंबाच्या दाट सावलीतल्या तुकड्यात डांबर कडक राहतं आणि ओल टिकते, तिथे किंचित वाढवा.

कामाच्या दिवशी

सकाळी घाई करू नका. डिसेंबर-जानेवारीत परभणी, हिंगोलीकडे पहाटे पारा कधी कधी एक आकडी होतो आणि रस्त्यावर दव असतं. हवा १० अंशांच्या खाली असेल तर काम नाही. धुकं, पाऊस किंवा वावटळ असेल तरीही नाही. रस्ता झाडून घ्या, मग कॉम्प्रेसरने हवा मारा. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरने चिखल आणून वाळलेला असेल तर तो खरवडून काढा.

ट्रे टेस्ट दररोज, फवारणीच्या सुरुवातीला. ३० सेंटिमीटर चौरस पत्र्याचा ट्रे म्हणजे ०.०९ चौरस मीटर. आधी वजन करा, स्प्रेअरच्या वाटेत ठेवा, गेल्यावर पुन्हा वजन करा. ९२ ग्रॅम वाढले तर ९२ भागिले ०.०९, म्हणजे १०२२ ग्रॅम, दर चौरस मीटर १.०२ किलो. आडव्या रेषेत तीन ट्रे ठेवा: डाव्या कडेला, मध्ये, उजव्या कडेला. कडेचे आकडे मधल्यापेक्षा फार कमी आले तर नोझल तुंबलेत किंवा बारची उंची चुकली आहे. छोट्या कामात अजूनही झारीने डांबर मारलं जातं. तिथे ट्रेचे आकडे इतके वरखाली येतात की सरासरीला अर्थ राहत नाही. मी अशा ठिकाणी हँडस्प्रेअरचाच आग्रह धरतो.

खडी तयार असल्याशिवाय फवारणी सुरू करायची नाही. गरम डांबरावर खडी मिनिट-दोन मिनिटांत पडली पाहिजे, आणि इमल्शनवर ते तपकिरी असतानाच, काळं होण्याआधी. खडीचं प्रमाणही मोजा: अर्ध्या मीटरची चौकट ठेवा, आतली खडी गोळा करून वजन करा. ०.०१० घनमीटर म्हणजे, खडीचं सैल वजन दर घनमीटर १४५० किलो धरलं तर, दर चौरस मीटर साडेचौदा किलो, आणि चौकटीत सव्वातीन ते चार किलोच्या दरम्यान. मुकादमाला जास्त खडी म्हणजे चांगलं काम वाटतं. जास्तीची खडी डांबराला लागत नाही, चाकाखाली फिरते आणि बसलेली खडी उखडते.

रोलर शक्यतो रबरी टायरचा. लोखंडी रोलर ८-१० टनांचा चालतो, पण खडी फुटून पांढरी पूड दिसायला लागली की थांबवा.

वाहतूक दुसऱ्या दिवशी सोडणं उत्तम. पर्यायी रस्ता नसेल, आणि गावरस्त्यांना तो नसतोच, तर दुसऱ्या दिवसापर्यंत वेग ताशी १६ किलोमीटरवर ठेवायचा. त्यासाठी फलक पुरत नाही, दोन्ही टोकांना लाल झेंडी घेतलेला माणूस लागतो. सरपंचांना आणि जवळ कारखाना असेल तर तिथल्या शेतकी कार्यालयाला दोन दिवस आधी कळवलं की ट्रॅक्टरवाले ऐकतात.

मायक्रोसरफेसिंग असेल तर

राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गावर तुमची नेमणूक झाली तर हे काम भेटेल. इमल्शन, बारीक खडी आणि पाणी यांच्या मिश्रणाचा थर ४ ते ८ मिमीचा, मार्गदर्शन आयआरसी एसपी ८१ मध्ये. वेट ट्रॅक अ‍ॅब्रेजन टेस्टमध्ये एक तास भिजवल्यावर झीज दर चौरस मीटर ५३८ ग्रॅमपेक्षा जास्त नको. कोहेजन (मिश्रणाची आपसातली पकड) ३० मिनिटांत १२ आणि ६० मिनिटांत २० किलो-सेंटिमीटर हवं. मिक्सिंगची वेळ किमान १२० सेकंद मिळायला हवी. ही वेळ २५ अंशांवर तपासली जाते. आपल्याकडे दुपारच्या ४० अंशांत मिश्रण त्याआधीच फुटतं, म्हणून साइटवरचीच खडी आणि साइटवरचंच पाणी घेऊन ४० अंशांवरही वेळ मोजून घ्या आणि त्यानुसार कामाचे तास ठरवा.

परत जाऊन बघायचं

चार भेटी ठरवून टाका: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये आणि पुढच्या मे महिन्यात भर दुपारी. प्रत्येक वेळी त्याच साखळ्यांवर. जागा चुकू नये म्हणून किलोमीटर दगडापासूनचं अंतर लिहा आणि कडेला रंगाची खूण करा.

पहिल्या दोन भेटींत एक चौरस मीटर जागा मऊ ब्रशने झाडून सुटी खडी तोला. नंतरच्या भेटींत ३० सेंटिमीटरची तारेची चौकट टाकून आतली किती खडी निघून गेली त्याचा टक्का लिहा. चाकाच्या पट्ट्यात वेगळा, दोन पट्ट्यांच्या मध्ये वेगळा. फोटो काढताना चौकट आणि साखळी लिहिलेली पाटी फोटोत यायला हवी.

खडबडीतपणा वाळूने मोजा. ३०० मायक्रॉनमधून गेलेली, १५० वर राहिलेली कोरडी वाळू ५० मिलिलिटर घ्या, झाडलेल्या जागेवर ओता आणि रबर लावलेल्या चकतीने गोल फिरवत पसरवा. वाळू खडीच्या टोकांबरोबर आली की थांबा. वर्तुळाचा व्यास चार ठिकाणी मोजा. २५० मिमी आला तर सरासरी खोली १.०२ मिमी, २०० आला तर १.५९, आणि ३५० आला तर फक्त ०.५२. आठवड्यानंतरचा आणि वर्षानंतरचा आकडा शेजारी ठेवला की खडी किती दबली ते स्पष्ट दिसतं. वारा असेल तर कारचं टायर किंवा पुठ्ठा आडवा धरा. रस्त्याच्या लांबीतला सपाटपणा बम्प इंटिग्रेटरने, म्हणजे चाकाला बसणाऱ्या धक्क्यांची बेरीज करणाऱ्या यंत्राने, ताशी ३२ किलोमीटर वेगाने मोजतात. सरफेस ड्रेसिंगसाठी दर किलोमीटर ३५०० मिमीच्या आत चांगलं आणि ४५०० च्या पुढे वाईट धरलं जातं.

यंत्रांच्या आकड्यांइतकंच उखडण्याचं ठिकाण बोलतं. रस्त्याच्या लांबीत सरळ, बारीक रेघांनी खडी गेली असेल तर नोझलचा दोष. दोन पट्ट्यांच्या मध्ये गेली आणि चाकाखाली टिकली तर डांबर कमी किंवा रोलिंग कमी. फक्त झाडांच्या सावलीत गेली तर तिथे डांबर वाढवायला हवं होतं. एका टँकरच्या सगळ्या लांबीत गेली तर रजिस्टर उघडा. शेताच्या रस्त्याच्या तोंडाशी गेली असेल तर चाकाला चिकटलेली काळी माती खडी ओढून नेते, तिथे पाच-दहा मीटर मुरमाचा किंवा खडीचा पट्टा करून घ्या.

आणि कडेला पडलेला एक खडा उचला. त्याची डांबरात बसलेली बाजू बघा, हवं तर भिंगाने. त्यावर राखाडी पूड चिकटलेली असेल तर धुळीमुळे डांबर दगडाला लागलंच नव्हतं. दगड स्वच्छ, उघडा, धुतल्यासारखा असेल तर पाण्याने डांबर सोडवलं आहे, आता स्ट्रिपिंगचा जुना निकाल काढून बघा. बाजू काळी, चकचकीत, तुटलेल्या डांबराने माखलेली असेल तर दगड आणि डांबर एकमेकांना धरून होते, डांबरच कडक झालेलं किंवा कमी होतं, म्हणजे बॉयलरच्या नमुन्याचं पेनिट्रेशन आणि ट्रेचा आकडा बघायचा. पाच-सहा साखळ्यांवरून दहा-दहा खडे उचला, प्लास्टिकच्या पिशवीत साखळी लिहून ठेवा आणि प्रयोगशाळेत टेबलावर मांडून वरिष्ठांना दाखवा.

मे महिन्याच्या भेटीत दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जा. डांबर वर आलेल्या जागा तेव्हाच नीट दिसतात. त्यांची लांबी-रुंदी मोजा. थोडंसंच असेल तर गरम, स्वच्छ कच किंवा जाड वाळू पसरून रोलर फिरवा आणि दुसऱ्या दिवशी जास्तीची झाडून घ्या. चाकाखालची खडी पूर्ण बुडून वाळूच्या चाचणीचा व्यास ३५० च्या पुढे गेला असेल, विशेषतः वळणावर, पुलाच्या उतारावर किंवा शाळेजवळ, तर पावसाळ्याची वाट न बघता तो तुकडा दुरुस्तीच्या प्रस्तावात घाला, सोबत फोटो, वाळूचे आकडे आणि त्या साखळीच्या ट्रे टेस्टची नोंद जोडा.